‘हुशार आहे, त्याचं तो शिकेल’ : बडोद्यातल्या शिक्षकांना खुलं पत्र

बडोदे शहरातल्या प्राथमिक आणि माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, शिक्षक आणि शिक्षिका यांना,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर एक वही सापडली. वही माझी नाही. सहावीतल्या एका मुलाची आहे, १९९७ सालची. मी ती जप्त केली होती आणि परत द्यायची राहून गेली. वही जप्त करण्यात विशेष काही नाही, तुम्हीही करता, मीही ३१ वर्षं केलं. पण या खेपेस खाली बसून, चष्मा लावून ती वही नीट वाचली, आणि मग हे पत्र लिहायला घेतलं.

त्या पानावर लसावि-मसाविचे २० दाखले आहेत. (आम्ही बडोद्याचे गणिताच्या उदाहरणाला दाखलाच म्हणतो, पुण्या-मुंबईच्या वाचकांनी जन्माचा दाखला समजू नये.) पहिले तीन सोडवलेत, सुबक आणि बरोबर. चौथ्यापासून पुढे नुसते आकडे उतरवून घेतलेत. आणि डाव्या समासात, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात भलतंच काही चाललंय. मी फळ्यावर सांगितलेला नियम तिथे आहे: दोन संख्यांचा गुणाकार म्हणजे त्यांच्या लसावि आणि मसाविचा गुणाकार. त्याखाली त्यानं तीन संख्या घेतल्यात, २, ४ आणि ६. मसावि २, लसावि १२, दोहोंचा गुणाकार २४. संख्यांचा गुणाकार मात्र ४८. ‘तीनला का नाही?’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्यात. मग २ आणि ४ चा मसावि, ४ आणि ६ चा, २ आणि ६ चा, असे जोड्याजोड्यांचे मसावि काढायला घेतलेत. तिथे समास संपतो.

तुमच्यातल्या गणितवाल्यांना लगेच कळेल की पोरगा उत्तराच्या उंबरठ्यावर उभा होता. तीन संख्यांचा नियम त्या जोड्यांच्या मसाविंतूनच जातो. अकरा वर्षांचं पोर, कुणी सांगितलेलं नसताना, नियम कुठे मोडतो ते शोधून का मोडतो याच्या मागे लागलं होतं.

त्याखाली लाल शाईत माझं अक्षर आहे: ‘समास स्वच्छ ठेवावा. दाखले अपूर्ण.’

मुलगा कोण ते सांगणार नाही. याच शहरात आहे, संसारी आहे, दुकान बरं चालतं. मी त्याच्या आयुष्याचं वाटोळं केलं असा आव आणत नाही. पण वर्गात काय व्हायचं ते सांगते, कारण तुमच्याही वर्गात आज सकाळी बहुधा तेच झालं असेल. मी दाखले दिले की त्याचं दहा मिनिटांत संपायचं. मग मी आणखी दहा द्यायचे. तसलेच. तेही झाले की खडू आणायला पाठवायचे, हजेरीपत्रक ऑफिसात द्यायला पाठवायचे, बाकीच्यांच्या वह्या तपासायला बसवायचे. मॉनिटर केलं. ‘माझा अर्धा भार तोच उचलतो,’ असं स्टाफरूममध्ये कौतुकानं सांगायचे. आज हिशेब मांडला की दिसतं, लवकर काम संपवल्याची शिक्षा म्हणून मी त्याला जास्त काम देत होते. हे माझ्या आधी त्याच्या लक्षात आलं. दिवाळीनंतर त्यानं लवकर संपवणं सोडलं. सगळ्यांबरोबर संपवायला लागला, मग सगळ्यांच्या मागून. प्रगतिपुस्तकात मी लिहिलं, ‘हुशार पण आळशी.’

मध्यंतरी खंडेराव मार्केटबाहेर भेटला. वही तेव्हा सापडलेली नव्हती. ‘बाई, गणित मला आवडायचं,’ म्हणाला, ‘गणिताचा तास नाही आवडायचा. तास म्हणजे नुसती वाट बघायची.’ तक्रारीचा सूर नव्हता. हसत म्हणाला आणि माझी भाजीची पिशवी रिक्षात ठेवून दिली.

आता तुमच्याकडे वळते. नोकरीभर मी एक वाक्य ऐकलं आणि म्हटलं: ‘ए तो होशियार छे, एनी मेळे शीखी जशे.’ मराठी शाळेत होते तेव्हा तेच मराठीत, ‘त्याचं तो शिकेल.’ कानाला कौतुकाचं वाटतं, पण म्हणणारा त्या मुलाची जबाबदारी अंगावरून झटकून मोकळा होतो. आणि हे आपण फक्त वर्गातल्या हुशारीबद्दल म्हणतो. मुलीचा गळा गोड आहे म्हटल्यावर ‘तिची ती गाईल’ असं कोण म्हणतं? याच बडोद्यात १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा उघडली ती गळा असलेल्यांना शिकवावं लागतं म्हणूनच. क्रिकेटचं तर बोलूच नका. हजारेंपासून पठाण बंधूंपर्यंत या शहरानं पोरं घडवली. बारा वर्षांचा मुलगा बरा बॉल टाकतो असं दिसलं की त्याला मोठ्या मुलांच्या नेटमध्ये घेतात. तिथे कुणी म्हणत नाही की याच्या वयाची पोरं अजून प्लॅस्टिकच्या बॅटनं खेळताहेत, तेव्हा यानंही तेच करावं, नाहीतर शेफारेल. सहावीतल्या मुलाला आठवीच्या गणिताच्या तासाला बसू द्या, असं मी एकदा सुचवलं तर मीटिंगमध्ये अशी शांतता पसरली की पंख्याचा आवाज ऐकू यावा.

आपली भाषाही इथे आपल्याला साथ देते, म्हणजे वाईट अर्थानं. प्रश्न विचारणाऱ्या मुलासाठी आपल्याकडे किती शब्द आहेत बघा. आगाऊ. चोंबडा. शिष्ट. दीडशहाणा. ‘जास्त शहाणपणा करू नकोस.’ ‘अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.’ आणि गप्प बसून उतरवून घेणाऱ्यासाठी? गुणी. शहाणं बाळ. माझ्या वर्गातला एक मुलगा फाळणीच्या धड्यात विचारत होता की रेघ ओढणाऱ्या माणसानं तो भाग आधी पाहिला होता का. शिकवणाऱ्या बाईंनी त्याला आगाऊ म्हणून बाकावर उभं केलं. प्रश्नात चूक काही नव्हती. रॅडक्लिफ साहेब १९४७ पूर्वी कधी हिंदुस्थानात आले नव्हते आणि सीमा आखायला त्यांना पाच आठवडे मिळाले होते. मुलानं नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. बाईंना उत्तर माहीत नव्हतं, एवढंच.

खरं दुखणं तिथे आहे असं मला वाटतं. हुशार मुलाची आपल्याला थोडी भीती वाटते. फळ्यापाशी उभं राहून ‘मला माहीत नाही’ म्हणायची लाज वाटते. बी.एड.ला आपल्याला सगळं शिकवलं, पाठ टाचण कसं काढायचं, शैक्षणिक साधन कसं वापरायचं, पण वर्गातल्या एखाद्याचं डोकं आपल्यापेक्षा वेगानं चालत असेल तर तोंड कसं ठेवायचं हे नाही शिकवलं. मग आपण त्या मुलाला खडू आणायला पाठवतो.

ही फक्त बडोद्याची गोष्ट आहे असंही नाही. कॅनडातल्या गान्ये आणि नादो या संशोधकांनी १९९१ साली ३४ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. बुद्धिमान मुलांना वेगळी मदत लागते का, समाजाला त्यांचा उपयोग काय, त्यांचे वेगळे गट करावेत का, त्यांना वरच्या वर्गात घालावं का, असे विषय. पुढे कितीतरी देशांत ती शिक्षकांकडून भरून घेतली गेली. त्यात साधारण दिसतं असं की मदत करावी याला शिक्षक मान डोलावतात, आणि वरच्या वर्गात पाठवण्याचा विषय निघाला की हात आखडतात. निवृत्तीनंतर मीही ती भरून पाहिली. आपण किती उदार आहोत या समजुतीत बसले होते. मदतीच्या विधानांना पटापट ‘पूर्ण सहमत’ केलं. पुढे पुढे माझं पेन अडखळायला लागलं. मुलाला त्रास होईल, मित्र तुटतील, इतरांना न्यूनगंड येईल. हे सगळं मला त्या मुलाच्या काळजीनं सुचत होतं की माझ्या वर्गाची घडी मोडू नये म्हणून, ते त्या दिवशी ठरवता आलं नाही. अजूनही येत नाही.

आता तुम्ही म्हणाल ते मला माहीत आहे, कारण मीच ते म्हणत आले. वर्गात ५५ मुलं. त्यातली १५ धड वाचू शकत नाहीत. कसोट्यांचे मार्क ऑनलाइन चढवायचे, बीएलओची म्हणजे निवडणुकीच्या कामाची ड्युटी, मतदार याद्या, वरून कोर्स पूर्ण. बुडणाऱ्याला हात द्यायचा की पोहणाऱ्याला? बरोबर आहे. बुडणाऱ्याला आधी. यात माझं दुमत नाही आणि ज्यांना पंधरा मुलांना वाचायला शिकवण्यापेक्षा एका हुशार मुलाचं कौतुक करणं सोपं वाटतं त्यांच्या बाजूची तर मी मुळीच नाही. पण शिक्षण हक्क कायद्यात, २००९ च्या, शिक्षकाची कर्तव्यं सांगणारं कलम २४ आहे. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवावं, असं त्यात आहे. ‘प्रत्येक मुलाची’. आपण त्याचा अर्थ उपचारात्मक वर्ग एवढाच लावला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर विशेष बुद्धीच्या मुलांवर वेगळा मजकूरच आहे: अभ्यासक्रमापलीकडचं साहित्य द्या, विषयांची मंडळं चालवा, बी.एड.मध्ये याचं विशेष शिक्षण ठेवता येईल. आपल्या शाळांनी त्या धोरणातलं काय काय उचललं याची यादी मुख्याध्यापकांनीच मनाशी करावी. आणि जी एक देशपातळीवरची चाळणी होती, १९६३ साली सुरू झालेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा, ती २०२१ नंतर थांबली. म्हणजे बाहेरून कुणी येऊन तुमच्या वर्गातलं पोर शोधून नेईल ही आशाही कमी झाली.

तरी चाळणीवर माझा फार विश्वास नव्हताच. ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण आपल्याला फार सोयीची पडते, पण पाळणा कुणाच्या घरात टांगलाय तेही त्यात येतं. अमेरिकेत टर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९२१ पासून बुद्ध्यंक मोजून दीड हजारावर मुलं निवडली आणि आयुष्यभर त्यांचा माग ठेवला. त्या चाचणीच्या चाळणीतून गळलेल्या दोन मुलांनी, शॉकले आणि अल्वारेझ यांनी, पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलं. टर्मनच्या निवडलेल्यांपैकी एकालाही ते मिळालं नाही. आपली चाळणी तर चाचणीइतकीही बारीक नाही. आपल्याला स्वच्छ युनिफॉर्म, टपोरं अक्षर, हात वर करून थांबणारा, शक्यतो इंग्रजी बोलणाऱ्या आईबापांचा मुलगा हुशार दिसतो. स्पेलिंगमध्ये चार चुका करणारा पण आकृती बघताच यंत्र कसं चालेल ते सांगणारा ‘ढ’ ठरतो. मार्केटात आईच्या भाजीच्या पाटीशेजारी बसून अडीचशे ग्रॅम, पाऊण किलो, सुटे पैसे असा हिशेब तोंडी करणारी पोरगी आपल्या वर्गात आली की मागच्या बाकावर बसते. आणि तिथून तिला कुणी उठवत नाही.

मुलींचं आणखी एक आहे. निवृत्तीनंतर दर शनिवारी संध्याकाळी मी घराच्या ओटल्यावर आजूबाजूची सात-आठ मुलं गोळा करते. फी नाही, कोर्स नाही, चणे-फुटाणे मिळतात. त्यात सातवीतली एक मुलगी येते. शाळेत तिला गणितात ६०-६५ च्या आसपास मार्क पडतात. ओटल्यावर ती मला पळवते. एकदा सरळ विचारलं, हे असं का? पायानं फरशी घासत म्हणाली, ‘९५ पडले होते ना पाचवीत, तर कुणी माझ्याबरोबर डबाच खात नव्हतं.’ आता ती मोजून चुका करते. कुठले प्रश्न सोडायचे म्हणजे ६५ च्या आसपास राहता येतं याचं तिचं गणित पक्कं आहे! बेट्स आणि नायहार्ट या दोघांनी १९८८ साली बुद्धिमान मुलांचे सहा प्रकार सांगितले, त्यात हा एक आहे, जमिनीखाली दडून राहणारा. त्यांच्या मते तो विशेषतः वयात येणाऱ्या मुलींत दिसतो. आपल्या नोंदवहीत त्या मुलीपुढे ‘सामान्य’ एवढंच असणार.

या मुलीला मी कापरेकरांचा खेळ दिला होता. द. रा. कापरेकर आपल्यातलेच, देवळालीच्या शाळेतले मास्तर. डॉक्टरेट नाही, विद्यापीठातली जागा नाही, पण आकड्यांशी खेळायचं वेड असं की स्टेशनवर सुचलेल्या संख्यांना डोंबिवलीवरून ‘डेम्लो’ नाव दिलं. १९४९ साली त्यांनी दाखवलेली गंमत अशी: कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक तेच नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, मग चढत्या, आणि वजाबाकी करा. आलेल्या संख्येचं पुन्हा तसंच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ३७८, म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. आता ६१७४ चं करा, पुन्हा ६१७४. कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत तिथेच येता.

मुलं खूष झाली, आपापली संख्या घेऊन बसली. ही मात्र वेगळंच काहीतरी करत होती. अर्ध्या तासानं म्हणाली, ‘तीन अंकीला ४९५ येतं. पण टीचर, दोन अंकी कुठेच पोचत नाहीत, त्या गरबा करतात.’ मला कळलं नाही. तिनं पाटीवर गोल काढला आणि गोलावर ९, ८१, ६३, २७, ४५ लिहिले. २१ वजा १२ म्हणजे ९. ९० वजा ९ म्हणजे ८१. ८१ वजा १८ म्हणजे ६३. तसंच २७, मग ४५, मग ५४ वजा ४५ म्हणजे पुन्हा ९. ‘बघा, फिरताहेत नुसत्या. मधे आई कुणीच नाही.’ गरब्याच्या मधे आईची स्थापना असते, ती इथे नाही, असं तिला म्हणायचं होतं. ज्या शहरात नवरात्राचे नऊ दिवस सगळं गाव गोलात फिरतं त्या शहरातल्या मुलीलाच हे असं दिसणार.

मला हे आधी माहीत होतं का? चार अंकीचं होतं. दोन अंकीचं मी कधी करून पाहिलंच नव्हतं. तसं सांगितलं. ‘मला माहीत नव्हतं’ हे ऐकून तिच्या तोंडावर जे आलं, ते ३१ वर्षं मी मुलांना पाहू दिलं नव्हतं.

आपण बडोदेकर सयाजीरावांचं नाव घेतल्याशिवाय शिक्षणावरचं भाषण संपवत नाही, मीही घेते, पण जरा वेगळ्या कारणानं. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, १८९३ ला अमरेलीत आणि १९०६ ला सगळ्या संस्थानात, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. त्याआधीची गोष्ट आपण विसरतो. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून बारा वर्षांचा गोपाळ, म्हणजे पुढचे सयाजीराव, दत्तक म्हणून इथे आला तेव्हा त्याला धड लिहिता-वाचता येत नव्हतं. इलियट नावाच्या शिक्षकानं त्याला त्याच्या चालीनं शिकवलं. सहा वर्षांत तो कारभार हाती घ्यायला तयार झाला. वयानुसार वर्गात बसवला असता तर? त्याला राजवाडा होता म्हणून ते जमलं, हे खरंच. पण मुलाच्या चालीनं शिकवलं की काय होतं, याचा पहिला धडा या शहराला तिथे मिळाला होता.

दुसरा धडा कडू आहे. १९१३ साली याच संस्थानानं डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. बुद्धी ओळखली, पैसा दिला. आणि १९१७ साली ते नोकरीसाठी बडोद्यात आले तेव्हा या शहरानं त्यांना राहायला एक खोली दिली नाही. पारशी धर्मशाळेतून हाकलल्यावर ते कमाटीबागेत झाडाखाली बसले होते. त्याच जागी आज असलेल्या संकल्पभूमीवर आपण मुलांची सहल नेतो. ओळखणं वेगळं आणि जागा देणं वेगळं, हे तिथे उभं राहून मुलांना सांगतो का?

विनोबाही इथेच वाढले, गणितावर जीव असलेले. १९१६ साली प्रमाणपत्रं चुलीत घातली, इंटरच्या परीक्षेला म्हणून मुंबईच्या गाडीत बसले आणि सुरतला उतरून काशीला गेले. सगळ्यांना काशीला जाता येत नाही. बाकीचे खिडकीशी बसून तास संपायची वाट बघतात.

मुख्याध्यापकांसाठी दोन शब्द. रावपुऱ्यातून जाताना फलक दिसतात, फोटोंच्या रांगा आणि खाली ९९.९ पीआर, म्हणजे पर्सेंटाइल रँक. त्यांचं कौतुक आहे, कष्ट केलेत पोरांनी. पण पीआर आणि मी म्हणते ती गोष्ट एक नाही. पहिल्यात दिलेलं लवकर आणि बिनचूक करावं लागतं, दुसरीत न दिलेलं दिसतं. कधी दोन्ही एकाच मुलात असतात, पुष्कळदा नसतात. ‘हुशार मुलांसाठी आम्ही काय करतो’ या प्रश्नाला ‘आमची मुलं अमुक क्लासला जातात’ हे उत्तर मला तीन शाळांत मिळालं. क्लासवाला त्याला अकरावीचं आठवीत घोकवतो. वेग वाढतो, वाट तीच.

मग मागणं काय? फार नाही. उलट तुमचं तपासायचं काम थोडं कमीच होईल. वीस दाखल्यांतले सगळ्यात अवघड पाच आधी करायची मुभा सगळ्यांना द्या. ज्याचे चार बरोबर आले त्याला उरलेले पंधरा माफ, आणि तो वेळ त्याचा. त्या वेळात त्यानं काय करावं? मांडवीपाशी सेंट्रल लायब्ररी आहे. १९१० साली बोर्डन नावाच्या अमेरिकन माणसाला बोलावून महाराजांनी ग्रंथालयांचं जे जाळं उभं केलं, त्याचं मुख्य ठाणं. तिथून महिन्याला पाच पुस्तकं आणून वर्गाच्या कपाटात ठेवा. त्या मुलाला वह्या तपासायला बसवू नका. शेजारच्याला समजावणं त्याला आवडत असेल तर करू द्या, पण तो तुमचा बिनपगारी सहायक नाही. एका विषयापुरतं त्याला वरच्या वर्गात बसवून बघा. पटावर नाव सहावीतच राहू द्या, गणिताचा तास आठवीत, डबा पुन्हा आपल्या मित्रांबरोबर. मी हे एकदाच केलं, नोकरीच्या शेवटच्या वर्षी, मुख्याध्यापकांच्या हातापाया पडून. पहिले आठ दिवस मुलगी रडवेली होती. नवव्या दिवशी तास संपल्यावर वर्गातून बाहेर येईना. हे प्रत्येकाला जमेलच असा माझा दावा नाही, त्या मुलीच्या बाबतीत जमलं.

आणि समासात लिहू द्या. माझ्या वर्गात समास स्वच्छ राहिले, त्यानं मला काय मिळालं ते मी सांगितलंच.

वही परत करायला पुढच्या आठवड्यात त्याच्या दुकानात जाणार आहे. लाल शाई खोडून काही उपयोग नाही, खाली निळ्यानं तीन संख्यांचा नियम लिहू की नको याचा विचार करतेय. बहुधा नको. त्याच्या मुलाला आता अकरावं लागलंय म्हणे.

ओटल्यावरच्या मुलीनं गेल्या शनिवारपासून पाच अंकी संख्या घेतल्यात. तिथे प्रकार वेगळा आहे, त्या ६१७४ सारख्या एका जागी येऊन थांबत नाहीत आणि दोन अंकींसारखा एकच गोलही नाही. पुढे काय होतं ते मी या खेपेस आधी करून पाहिलंय, पण तिला सांगितलेलं नाही. ती तुमच्यापैकी कुणाच्या तरी वर्गात आहे, मधल्या रांगेत, ६५ मार्कांची. तिनं विचारलं तर कृपा करून उत्तर सांगू नका.

आपली नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे